सदर डिस्क पूर्ण निकामी

शेषेरावांची डिस्क माझ्या डाव्या कोपराशी पडलेली होती आणि समोर पडद्यावर मात्र डिस्क सापडल्याची ओळ उमटली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला मला तीन-चार सेकंद लागले असतील. तेवढ्यात शेषेराव म्हणाले, "आली न्हवं? मी म्हणलंच होतं आमच्या हेडमास्तरला, लातूरला हात लागला की येतीय." शेषेराव चाकूरकडच्या एका शाळेत क्लार्क. शाळेचा जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला, नवा आला, आणि जुन्यातले निकाल नव्यात न्यायचे म्हणून जुनी डिस्क टॉवेलात गुंडाळून, नवा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ते एस.टी.नं आले होते. काम दहा मिनिटांचं. नवी डिस्क पहिली, जुनी दुसरी, एकाच केबलवर दोघी. कोण पहिली आणि कोण दुसरी, हे डिस्कच्या पाठीमागच्या पिनांवर ठरतं. तिथं बारीक पिनांच्या दोन ओळी असतात, आणि त्यातल्या कुठल्या दोन पिना जोडायच्या ते एक टोपी ठरवते. टोपी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं प्लॅस्टिक, आत पत्र्याची चिमटी. कागदोपत्री तिला जंपर म्हणतात. शेषेरावांच्या डिस्कची टोपी कुठंतरी पडली होती, आणि माझ्या डबीतल्या टोप्या संपल्या होत्या. म्हणून मी बिलबुकावरचं वजन उचललं. हे वजन म्हणजे एक मेलेली डिस्क, सात वर्षं माझ्या टेबलावर कागद दाबून बसलेली. तिची टोपी नखानं उपटली, शेषेरावांच्या डिस्कला लावली, आणि कॅबिनेटमधे बसवण्याआधी दुकानातल्या मशिनच्या मोकळ्या केबलला एकदा लावून बघावी म्हणून हात घातला, तर फोन वाजला. राघवेंद्र सरांच्या क्लासमधून होता. नव्या लॅबचं काय, साठ मशिनं कधी जोडतोस. मान आणि खांद्यामधे फोन धरून मी हाताला लागली ती डिस्क जोडली. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या, एकाच राखी रंगाच्या. हाताला मेलेली लागली. आणि ती आली.

मी आत उघडून पाहिलं, आणि तेही शेषेरावांच्या समोरच, कारण ते हलायला तयार नव्हते. आत दोन कप्पे होते, एक राघवेंद्र सरांच्या नावाचा आणि एक पूर्वी त्यांच्या क्लासमधे शिकवणाऱ्या व्यंकटच्या. बारावी फिजिक्स, धडा एक ते सोळा, प्रत्येक धड्याखाली प्रश्न, प्रश्नाखाली उत्तर, उत्तराखाली टंकल्याची तारीख. शेवटची तारीख अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातली. "हे आमचे निकाल न्हाईत," शेषेराव चष्मा वर करून म्हणाले. "न्हाईत," मी म्हणालो. "मग कुणाचे हायत?" खरं तर एवढ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथं देता आलं असतं. मी डिस्कच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथं कंपनीनं छापलेला तक्ता होता, बारीक अक्षरात, सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, बिलबुकाच्या अगदी वर. एकटी असेल तर: टोपी नाही. पहिली, सोबत दुसरी असेल तर: मधल्या पिनांवर. दुसरी असेल तर: कडेच्या पिनांवर. या एका कंपनीची ही एक खोड. बाकीच्यांच्या डिस्का एकट्या असल्या तरी पहिली म्हणून चालतात. हिच्यात मधल्या पिनांवर टोपी ठेवली की ती सुरू होताना सोबतच्या दुसरीला हाक मारते, आणि ती दुसरी केबलवर नसली की हिचंही गाडं तिथंच अडतं. मशिनला वाटतं, इथं कुणीच नाही. मी टोपी उपटली तेव्हा ती एकटीची झाली होती. सात वर्षांत मी तो तक्ता वाचला नव्हता. मी काम कानानं शिकलो होतो. पहिली म्हणजे पहिली, पहिली म्हणजे बरोबर, असं मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते पुढं आणखी चौघांना सांगितलं होतं.

माणसांची बारीक नोंद ठेवायची मला खोड आहे. कोण कुठल्या खुर्चीत बसतो, खोटं बोलण्याआधी कोण शर्टाची बाही ओढतो, कोण दुकानात शिरताना चप्पल काढतो आणि कोण काढल्यासारखं करतो, हे सगळं माझ्या डोक्यात तारखेवार लागलेलं असतं. त्यामुळं तो दिवस काढायला मला काही कष्ट पडले नाहीत. जून अठ्ठ्याण्णव, प्रवेशाचा आठवडा. लातुरात तेव्हा बारावीचा निकाल म्हणजे पेरणीसारखी गोष्ट झाली होती. अख्खा मराठवाडा पोरं घेऊन उतरायचा, पत्र्याची पेटी, गादी, आणि मागं हात बांधून उभा बाप. औसा रोडच्या एका बोळात वरच्या मजल्यावर सरांचा क्लास होता. दोनशे पोरं बसायची, चारशे बसवायची होती. व्यंकट त्यांचा जुना विद्यार्थी, चाकूरच्या पलीकडच्या खेड्यातला, घरचे शेतकरी. चार वर्षं सरांच्या हाताखाली शिकवलं, प्रश्नसंच टंकले, आणि त्या जूनमधे दोन बोळ पलीकडं स्वतःचा क्लास टाकला. जाताना कॉम्प्युटरमधली स्वतःच्या पैशानं घेतलेली दुसरी डिस्क काढून घेऊन गेला. दोन दिवसांनी सरांचं मशिन सुरू होईना. त्यांनी मला बोलावलं. मी त्यांची डिस्क त्यांच्या मशिनला लावली, आली नाही. माझ्या दुकानात आणून लावली, आली नाही. केबल बदलली, आली नाही. टोपी पाहिली, मधल्या पिनांवर, पहिलीच्या जागी, म्हणजे बरोबर. परत नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "सर, गेली."

त्यांचा चेहरा तेव्हाही शांत असायचा, पेपर तपासताना असतो तसा. मग म्हणाले, "अंबरीश, आपोआप जाते का रे अशी?" मी म्हणालो, कधी कधी जाते. "व्यंकटनं परवा हात घातला होता आत. म्हणजे हात घातल्यावर गेली." मी म्हणालो, तसं म्हणता येईल. "मग तसं लिहून दे." त्याच आठवड्यात माझी लेटरहेडं छापून आली होती. वर दुकानाचं नाव, खाली 'हार्डवेअर व डेटा तज्ज्ञ', हिरव्या शाईत. तज्ज्ञ हा शब्द छापणाऱ्यानं सुचवला होता, आणि मला तो आवडला होता. गठ्ठ्यावरचा पहिला कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांनी मजकूर सांगितला. सांगताना ते खिडकीपाशी उभे होते. मी लिहिता लिहिता डाव्या हाताच्या नखानं मॉनिटरच्या कडेला चिकटलेली चिकटपट्टी खरवडत होतो. पट्टीखाली रेघी वहीच्या कागदाचा एक फाटका कोपरा राहिला होता. "हे काय चिकटवलं होतं, सर?" मी विचारलं होतं, उगाच, हात रिकामा नको म्हणून. "वेळापत्रक होतं," सर म्हणाले, आणि त्यांनी बाही ओढली. हे मी नोंदवून ठेवलेलं होतं. पट्टी, कोपरा, बाही. नोंदी असून पुढं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी सांगितलेलं वाक्य असं होतं: सदर हार्ड डिस्क जाणीवपूर्वक हाताळणीमुळे निकामी झाल्याचे आढळून येते. त्यात 'पूर्ण' हा शब्द मी माझ्या मनानं घातला.

पूर्ण हा शब्द माझ्या हाताला भूकंपात लागला. त्र्याण्णव साली मी नांदेडला बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. किल्लारीकडं हादरा बसला त्या पहाटे आमच्या नांदेडच्या श्रीनगर भागातल्या घरात मांडणीवरची भांडी वाजली, वडील उठून बसले आणि म्हणाले, "ट्रक गेला असेल." पंधरा दिवसांनी एका संस्थेच्या पाहणीसाठी पोरं हवी होती म्हणून मी गेलो. दिवसभर गावोगाव फिरून घरांचे फॉर्म भरायचे, संध्याकाळी तंबूत कॉम्प्युटरवर चढवायचे. तिथंच पहिल्यांदा कीबोर्डला हात लागला. फॉर्मवर नुकसानीचे तीन चौकोन होते: अंशतः, बहुतांश, पूर्ण. कस्तुराबाई नावाची एक बाई होती. तिच्या घराची एक भिंत उभी होती, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात कंगवा जागच्या जागी. मी बहुतांशच्या चौकोनावर पेन नेलं तर ती म्हणाली, "भितीकडं बघून लिवतूस व्हय रे बाबा? त्या भितीखाली निजंल का कुणी?" मी पूर्ण लिहिलं. बरोबरच होतं ते, आजही म्हणेन. पण नंतर पुढच्या गावात पेन आपोआप तिसऱ्या चौकोनाकडं जायला लागलं. तिथं न बघता जाऊ लागलं. लिहून घेणाऱ्याचं समाधान व्हायचं, लिहिणाऱ्याचं काम लवकर उरकायचं, आणि फॉर्म कुणी परत आणत नव्हतं. तंबूत पोरं मला हसून म्हणायची, "अंबरीश आला, गाव पूर्ण झालं." तिथून मी लातूरला आलो तो डोक्यात दोन गोष्टी घेऊन: कॉम्प्युटर, आणि अर्धवट लिहिलं की माणसं नाराज होतात.

सरांनी माझ्या पत्राच्या झेरॉक्स काढल्या. किती काढल्या मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की आठवड्याच्या आत एका पानटपरीवर मला माझीच सही दिसली, आणि एका हॉस्टेलच्या नोटीसबोर्डावर माझी हिरवी शाई काळी होऊन लागली होती. लातुरात बापांना एकच भीती असते, पोरगं भलत्याच्या हाती पडायची. गुरूच्या चार वर्षांच्या प्रश्नांना काडी लावून आलेला मास्तर आपल्या पोराला काय शिकवणार. व्यंकटच्या क्लासला त्या वर्षी अकरा पोरं आली. दिवाळीनंतर चार. मार्चमधे त्यानं बाकं विकली आणि नांदेडला गेला. एकदाच तो माझ्या दुकानात आला होता, पत्राची प्रत हातात घेऊन. पायरीवरच उभा राहिला आणि म्हणाला, "अंबरीश, तू बघितलंस का आत?" मी म्हणालो, "बघितलं की." तो मान हलवून गेला. मला तेव्हा वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे, उलट विचारतो. सरांनी नवी डिस्क माझ्याकडून घेतली आणि महिन्याभरात सगळा प्रश्नसंच पुन्हा टंकून झाला, माझ्याच दुकानात, त्यांच्या कपाटातल्या छापील प्रतींवरून. कपाटात सगळंच छापून ठेवलेलं होतं. मला त्यांच्या शिस्तीचं कौतुक वाटलं होतं. मेलेली डिस्क त्यांनी मलाच देऊन टाकली; म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. माणसं कशी असतात याची आठवण." मी बिलबुकावर ठेवली. आता सरांचा क्लास तीन मजल्यांचा आहे, आणि त्या तिन्ही मजल्यांवर जे काही वायरीनं चालतं ते मी चालवतो. दुकान, घर, माझ्या बायकोची, मुग्धाची स्कूटी, हे सगळं त्या एका पत्रावर उभं आहे असं म्हणणं खोटं ठरेल. पण ते पत्र काढून घेतलं तर काय काय हलेल, हे मी त्या दुपारी शेषेरावांची खरी डिस्क जोडता जोडता मोजून पाहिलं. शेषेराव समाधानानं निकाल बघत होते. "एक पोरगी गायब होती सत्त्याण्णवची, दाखल्याला अडलं होतं बघा तिचं. हे बघा, हाय." त्या पोरीचं नाव पडद्यावर होतं आणि ते त्यावर बोट ठेवून बसले होते.

संध्याकाळी मुग्धा म्हणाली, "तोंड का असं? कुणाची डिस्क गेली?"

"गेली नाही. आली."

मी तिला सगळं सांगितलं. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. चूक सापडली की तांबडी खूण करायची, एवढं तिच्यासाठी सरळ असतं. ती म्हणाली, "मग कळवा ना त्याला. एवढं काय?" कुकर उतरवून मग सावकाश म्हणाली, "आणि सरांना कोण कळवणार?" तिनं प्रश्न केला नव्हता, नुसता हिशोब मांडून दाखवला होता. तिला माझी खोड लागली आहे.

रविवारी मी नांदेडची गाडी धरली. डिस्क शेषेरावांनी विसरलेल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतली होती. चाकूरला गाडी दहा मिनिटं थांबली. खिडकीशी एक माणूस पेरू विकत होता, दिसायला व्यंकटच्या भावासारखा, म्हणजे त्या भागातली सगळीच माणसं दिसतात तसा. पेरू घेताना मला वाटलं, याला पत्र माहीत असेल. मग वाटलं, कशाला असेल. मग अहमदपूर येईपर्यंत हेच आलटून पालटून वाटत राहिलं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. व्यंकट, माझी चूक झाली. व्यंकट, त्या काळी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. दुसरं वाक्य मला जास्त आवडत होतं. लोह्यापाशी माझ्या लक्षात आलं की मी माफी मागायला निघालेला माणूस नाही. मी त्याला चकित करायला निघालोय. बघ, तू निर्दोष असल्याची खूण मी शोधून काढली, मीच, हाताला लागली योगायोगानं पण मीच. माझ्या मनात तो उठून उभा राहत होता, माझे हात धरत होता. एवढ्या वर्षांनी मी त्याच्याकडून आभार घ्यायला चाललो होतो.

तरोडा नाक्याच्या मागं नव्या प्लॉटिंगमधे त्याचं घर होतं. पुढं पत्र्याचं शेड, शेडमधे फळा, आठवी ते दहावी गणित-विज्ञान असं खडूनं लिहिलेलं. रविवार असून सतरा पोरं बसली होती, मी मोजली. व्यंकटनं मला दारातच ओळखलं. केस गेले होते. तो पोरांना म्हणाला, "पुढची दोन गणितं करा, आवाज न्हाई पाहिजे," आणि मला आत घेऊन गेला. त्याची बायको सिंधु हिमायतनगरकडची. माझं नाव सांगितलं तशी तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "सहीवाले का हे?"

"हाव," व्यंकट म्हणाला. "सहीवाले."

"आमच्या वडलाकडं बी आली होती ती झेराक्स," ती मला म्हणाली, अगदी पाहुण्याला गावाची माहिती द्यावी तशी. "सोयरीक ठरल्यावर कुणीतरी टाकली दारात. वडील म्हणले, कॉम्प्युटरच मोडला ना, हातपाय तर न्हाई मोडले कुणाचे. म्हणून झालं लगीन."

मी टॉवेल सोडला आणि डिस्क मधे ठेवली. जुळवलेली सगळी वाक्यं विसरून मी नुसतं म्हणालो, "ही चालू आहे, व्यंकट. टोपी मधल्या पिनांवर होती. तुझी डिस्क काढल्यावर ही एकटी राहिली, आणि मधल्या पिनांवर एकटी चालत नाही ही कंपनी. तू काही केलं नव्हतंस." आणि मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहत राहिलो. मी वाट बघत होतो.

त्यानं डिस्क उचलली नाही. म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी," तो सिंधुकडं बघून म्हणाला, आणि हसला. "मला बुधवारीच ठावं होतं. अठ्ठ्याण्णवच्या. अरे, मीच लावली होती ना दुसरी डिस्क, मला न्हाई कळणार? निघताना चिठ्ठी लावली होती मॉनिटरवर. सर, माझी डिस्क नेतो, तुमच्या डिस्कची टोपी तेवढी काढून ठेवा, न्हाईतर सुरू होणार न्हाई. वहीचा कागद, चिकटपट्टी मारून. त्यांनी वाचली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, म्हणले चिठ्ठी मिळाली, बरंय."

बाहेर शेडमधे कुणीतरी खुदखुदलं आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख आपोआप तर्जनीच्या टोकावर घासायला लागलं. रेघी कागद, फाटका कोपरा. वेळापत्रक होतं. सात वर्षं मी स्वतःला हुशार निरीक्षक समजत होतो, आणि पुरावा माझ्या नखात अडकला होता, तो मी पँटीला पुसून पत्र लिहायला घेतलं होतं. आणि कपाटातल्या छापील प्रती. काही जळालं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. सरांना फक्त एक तज्ज्ञ पाहिजे होता ज्यानं तक्ता वाचलेला नसेल.

"मग तू सांगितलं का नाहीस? मला?"

"आलो होतो की तुझ्या दुकानात. विचारलं, आत बघितलंस का. तू म्हणलास बघितलं." तो शांतपणे बोलत होता, मला तो रागावलेला जास्त सोपा गेला असता. "मला वाटलं, तुला बी ठावं हाय. दोघं मिळून करून राहिले. तज्ज्ञ म्हणून लिहिलेलं होतं ना वर."

त्याच्या घरच्या कॉम्प्युटरला आम्ही डिस्क लावली. त्यानंच लावली, पिनांकडं बघून मान हलवली आणि केबल खुपसली. आली. त्याच्या नावाचा कप्पा त्यानं उघडला, धडा नऊ, खाली खाली गेला. काही प्रश्न त्यानं ओठ हलवत वाचले. मला वाटलं आता तरी. "चांगले होते रे," तो म्हणाला. "सिद्ध करा, आकृती काढा, कारण द्या. आता कुणाला पाहिजेत हे? आता चार पर्याय अन् एक गोल." त्यानं मशिन बंद केलं, डिस्क काढली, टॉवेलात होती तशी बांधली आणि माझ्यापुढं सरकवली. "घेऊन जा."

"तुझ्याकडं राहू दे. तुझं काम आहे त्यात."

"सरांची हाय ती. माझ्याकडं सापडली तर म्हणतील व्यंकटनं चोरली."

सिंधुनं चहा ठेवला. ठेवता ठेवता म्हणाली, "लिहून देता का तुम्ही? तवा दिलं होतं तसं?" व्यंकट म्हणाला, "राहू दे गं." ती म्हणाली, "कशाला राहू दे? पोरगं मोठं होऊन राहिलं. उद्या त्याला कुणी झेराक्स दाखवली तर?" मी म्हणालो, देतो की, देतोच. ती उठून शेडमधल्या एका पोराच्या वहीचं मधलं पान फाडून घेऊन आली, पेन आणलं. रेघी पान. मी पेन हातात घेतलं. आणि माझं मलाच ऐकू आलं, "साध्या कागदावर काय अर्थ आहे वहिनी. लेटरहेड लातूरला आहे. उद्याच टपालानं पाठवतो."

व्यंकट माझ्याकडं बघत होता. तो आता माझी नोंद घेत होता. "हाव," तो म्हणाला. "लेटरहेड पाहिजेच. त्याबिगर कोण वाचतं?" आणि सिंधुला म्हणाला, "पान पोराला परत दे, वही फाटली म्हणून रडंल."

परतीच्या गाडीत मी पत्र शब्दशः जुळवलं. चाकूर गेलं तेव्हा ते पूर्ण झालं होतं. सदर हार्ड डिस्क सुस्थितीत असून तत्कालीन निष्कर्ष माझ्या अज्ञानामुळे काढण्यात आला होता. अज्ञान हा शब्द मी तीनदा काढला आणि तीनदा घातला.

सोमवारी सकाळी सरांनी नव्या लॅबसाठी बोलावलं. त्यांचं ऑफिस आता थंड असतं, काचेच्या टेबलावर काही नसतं. मी पिशवी घेऊनच गेलो, मुग्धानं दारात विचारलं होतं, "आधी त्याचं पत्र की आधी सर?" आणि मी म्हणालो होतो, आधी सर. तोंडावर सांगून मग पत्र. ते जास्त सरळ दिसेल. सर साठ मशिनांची मांडणी सांगत होते, कुठल्या भिंतीला कुठली रांग. मधेच म्हणाले, "काल दुकान बंद होतं तुझं."

"नांदेडला गेलो होतो."

"घरी सगळे बरे?"

मी टॉवेल सोडून डिस्क त्यांच्या काचेवर ठेवली. टक्क असा आवाज झाला. सात वर्षांत त्यांनी ती पाहिली नव्हती, आणि राखी रंगाच्या अशा डिस्का जगात लाखांनी असतील; एखाद्यानं विचारलं असतं, हे काय आणलंस? सर तिच्याकडं पाहत राहिले, पेपर तपासताना पाहतात तसे. मग त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडं गेला आणि बाही खाली आली.

"चालू आहे का ही?" त्यांनी विचारलं.

मेलेल्या डिस्कबद्दल कुणी असं विचारत नाही. हे त्यांनाही कळलं असावं, बोलून झाल्यावर. खालच्या मजल्यावर पोरं एका सुरात काहीतरी पाठ म्हणत होती. माझ्या मागं भिंतीवर साठ मशिनांचा नकाशा टेपनं लावलेला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर, त्याला लेटरहेडसुद्धा लागत नाही.

"नाही सर," मी म्हणालो.

"पूर्ण गेलेली आहे?"

"पूर्ण."

"मग इथं कशाला आणलीस रे?" सर हसले, आणि डिस्क बोटानं माझ्याकडं सरकवली. "तर पहिली रांग खिडकीच्या बाजूला घे."

दुकानात आल्यावर मी लेटरहेडचा गठ्ठा काढला. जुना गठ्ठा केव्हाच संपला होता. हा चौथा किंवा पाचवा असेल, शाई तीच हिरवी, शब्दही तोच. वरच्या कागदावर तारीख घातली. सदर हार्ड डिस्क, एवढं लिहिलं. पंखा चालू होता, कागद उडायला लागला, म्हणून मी ती डिस्क त्यावर ठेवली.